हाडाची वीण

(स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



 

कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ धुऊन काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, मधूनमधून व्हिनेगर बदलले, तर ते इतके मऊ पडते की दोन बोटांनी वाकवता येते. दुसरे तसेच हाड निखाऱ्यावर पांढरेफेक होईपर्यंत भाजले तर त्याचा आकार तसाच राहतो, पण चिमटीत धरून दाबले की भुगा होतो. पहिल्या हाडातले खनिज व्हिनेगरने विरघळवून नेले आणि मागे राहिले ते कोलॅजन नावाचे प्रथिन. दुसऱ्यातले कोलॅजन आगीने जाळले आणि मागे राहिले ते खनिज, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे हायड्रॉक्सिॲपेटाइट. दोन्ही हाडे दिसायला हाडेच आहेत. कामाचे मात्र एकही नाही. जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंतींत पांढऱ्या मातीत काड कालवत असत, कारण नुसती माती तडकते आणि नुसत्या काडाला उभे राहता येत नाही. हाडाची रचना नेमकी त्याच तत्त्वावर आहे, फक्त तिचे माप अतिशय बारीक आहे.

किती बारीक? हाडातल्या कोलॅजनचा एक तंतू साधारण १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी ५० हजार ते एक लाख नॅनोमीटरच्या घरात जाते, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे शेकडो तंतू शेजारी शेजारी बसतील. या तंतूंच्या आत आणि भोवती खनिजाच्या पातळ चकत्या असतात. त्यांची लांबी काही दशक नॅनोमीटर आणि जाडी अवघी दोन-तीन नॅनोमीटर. वजनाने पाहिले तर हाडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिज, उरलेल्यात बहुतांश कोलॅजन आणि थोडे पाणी. नॅनोतंतूंचा संमिश्र पदार्थ ही प्रयोगशाळेतली नवी चीज आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात या सभागृहात बसलेला प्रत्येक जण तो अंगात घेऊनच आलेला आहे.

आणि हा पदार्थ स्वतःची दुरुस्ती स्वतः करतो. कातडी कापली तर व्रण राहतो. हाड मोडले आणि नीट जुळले तर काही वर्षांनी एक्स-रेवर जोड शोधूनही सापडत नाही. मोडल्याबरोबर तिथे रक्त साकळते, त्या गाठीत पेशी शिरतात, आधी कूर्चेसारखा मऊ सांधा तयार होतो, त्यात खनिज भरते, आणि मग कित्येक महिने जुने हाड खाणाऱ्या आणि नवे हाड घालणाऱ्या पेशी मिळून त्याला मूळ आकारावर आणतात. बर्लिनचे शल्यविशारद यूलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये ग्रंथ लिहून मांडले की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे आपली अंतर्गत रचना बदलते. भार पडेल तिथे ते भरते, भार काढला की विरळ होते.

अडचण येते ती मध्ये पोकळी पडली तर. गळीत हंगामात बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या रस्त्यांवर रात्री काय चालते ते इथे कोणाला सांगायला नको. उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि त्यांवर जाऊन आदळणारी दुचाकी. शिवाय इंदापुरातून जाणारा पुणे-सोलापूर महामार्ग. अशा अपघातात नडगीचे हाड नुसते मोडत नाही, त्याचा चुरा होतो आणि काही तुकडे जखमेतून बाहेर पडतात. पुढे जंतुसंसर्ग झाला तर डॉक्टरांना आणखी हाड खरवडून काढावे लागते. दोन टोकांमध्ये मोठी फट राहिली की शरीराला ती आपल्या बळावर भरून काढता येत नाही. पेशींना सरकायला आधार नसतो, रक्तवाहिन्यांना वाट नसते, आणि त्या जागी हाडाऐवजी चिवट तंतुमय ऊतक भरते. ऊसतोड कामगार असो की दुधाच्या गाडीवरचा पोरगा, अशा माणसाचे वर्ष-दीड वर्ष खाटेवर आणि कुबड्यांवर जाते. घरातला कमावता हातच बसून राहतो. म्हणून हा विषय प्रयोगशाळेपुरता नाही.

आजचा सर्वांत भरवशाचा उपाय जुनाच आहे. रुग्णाच्याच कमरेच्या हाडाच्या वरच्या कंगोऱ्यातून थोडे हाड काढायचे आणि ते फटीत भरायचे. त्यात जिवंत पेशी असतात, शरीर ते नाकारत नाही. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, ती पुष्कळदा मूळ जखमेपेक्षा जास्त दिवस दुखते, आणि कमरेतून निघणाऱ्या हाडालाही मर्यादा आहे. दुसरा उपाय म्हणजे दात्याचे हाड. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतक पेढी चालते. दान मिळालेली हाडे आणि प्रसूतीनंतरचे गर्भावरण तिथे प्रक्रिया करून गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते. फार मोलाचे काम आहे, पण दात्यांची संख्या आणि देशाची गरज यांचा मेळ बसत नाही.

तिसरा मार्ग असा: फटीत हाडच भरायचे नाही, तर हाडाच्या पेशींना आपले घर वाटेल अशी जाळी भरायची. तंतू कोलॅजनच्या मापाचे, त्यांत खनिजाचे कण गुंफलेले, आणि काम झाल्यावर ती जाळी विरघळून जाणारी. मागे उरावे ते रुग्णाचे स्वतःचे हाड.

आता एवढा बारीक तंतू काढायचा कसा? त्याचे तंत्र ऐकून नवल वाटेल, ते शंभर वर्षांहून जुने आहे. अमेरिकेत १९०२ मध्ये विजेच्या दाबाने द्रव फवारण्याची पेटंट निघाली होती. जर्मनीच्या अँटन फॉर्महाल्स यांना १९३४ मध्ये या पद्धतीने कृत्रिम धागा काढण्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. कापडधंद्यात ते चालले नाही. सोव्हिएत रशियात मात्र रोझेनब्लूम आणि पेत्र्यानोव्ह-सोकोलोव्ह यांनी १९३८ च्या सुमारास याच तंत्राने हवा गाळणारी जाळी बनवली आणि ती गॅस मास्कमध्ये गेली. पुढे केंब्रिजच्या जॉफ्री टेलर यांनी १९६० च्या दशकात विजेच्या दाबाखाली थेंबाचा शंकू कसा होतो याचे गणित मांडले, आणि १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या ॲक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांनी हा सगळा धागा पुन्हा हातात घेतला. तोवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सर्रास झाले होते, त्यामुळे जे निघते आहे ते डोळ्यांना दिसू लागले. इलेक्ट्रोस्पिनिंग हे नाव रूढ झाले ते तेव्हापासून.

यंत्र पाहिले तर साधे आहे. इंजेक्शनची सिरिंज, तिच्यात पॉलिमरचे घट्टसर द्रावण, सुईला जोडलेली १५ ते २० हजार व्होल्टची तार, आणि समोर वीतभर अंतरावर ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढवलेला फिरता रूळ. सुईच्या तोंडाशी थेंब येतो, दाब वाढवला की तो गोल न राहता टोकदार होतो, आणि टोकातून एक बारीक धार सुटते. दोन-तीन सेंटिमीटर ती सरळ जाते. मग चाबूक फिरवावा तशी वेगाने गोल-गोल फिरू लागते, ताणली जाते, वाटेतच तिच्यातला द्रावक उडून जातो. रुळावर पोचतो तो सुका तंतू. डोळ्यांना तो दिसत नाही. अर्ध्या तासाने पत्र्यावर पांढरट साय धरल्यासारखे काहीतरी दिसू लागते. पावसाळ्यात हवेत दमटपणा वाढला की तंतूंवर गाठी येतात, कधी धारच धरत नाही, म्हणून यंत्राभोवती बंद पेटी करून आतली आर्द्रता सांभाळावी लागते.

या पद्धतीचा कमकुवत भाग तिच्या वेगात आहे. एका सुईतून तासाला एक मिलिलिटरच्या आसपास द्रावण जाते. द्रावणात दहा टक्के पॉलिमर धरला तर तासाला जेमतेम दशांश ग्रॅम माल. दहा तासांचा दिवस धरला तर हाती एक ग्रॅम. चेक प्रजासत्ताकातल्या लिबेरेत्स इथल्या तंत्र विद्यापीठात ओल्दर्झिख यिर्साक यांच्या गटाने सुईच काढून टाकली. द्रावणात अर्धवट बुडालेल्या फिरत्या रुळाच्या पृष्ठभागावरून एकाच वेळी शेकडो धारा सोडल्या, आणि एल्मार्को कंपनीने २००४ च्या सुमारास त्याची यंत्रे बाजारात आणली. गाळणीसाठी, मास्कसाठी चौरस मीटरच्या हिशेबाने माल निघू लागला तो त्यामुळे. आपल्याकडे कोविडच्या काळात आयआयटी कानपूरमध्ये वाढलेल्या ई-स्पिन नॅनोटेक या डॉ. संदीप पाटील यांच्या कंपनीने नॅनोतंतूंचा थर असलेले ‘श्वासा’ मास्क काढले. नॅनोतंतूंचा मोठा व्यापार आजही हवा आणि पाणी गाळण्याचाच आहे, हाडाचा नाही. हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

कारण हाडात दोन गोष्टी आडव्या येतात. पहिली ताकदीची. नॅनोतंतूंची जाळी हाताला मऊ कापडासारखी लागते. माणसाच्या वजनाखाली ती एक क्षणही टिकणार नाही. म्हणजे प्लेट, रॉड, स्क्रू, बाहेरून लावलेली रिंग, हे काही सुटत नाही. भार धातूने घ्यायचा आणि जाळीने आत हाड वाढवायचे. धातूचाही प्रश्न आहेच. टायटॅनियम हाडाच्या पाच-सहा पट ताठ आणि स्टेनलेस स्टील दहा पट, त्यामुळे सगळा भार धातूच घेतो आणि वोल्फ यांनी सांगितल्याप्रमाणे शेजारचे हाड विरळ पडत जाते. दुसरी अडचण भोकांची. तंतू इतके बारीक आणि इतके दाट बसतात की त्यांच्यामधल्या फटी काही मायक्रोमीटरच्याच राहतात. हाडाची पेशी त्याहून मोठी, आणि रक्तवाहिनीसह हाड आत वाढायचे तर शंभर ते तीनशे मायक्रोमीटरची वाट हवी. पेशी जाळीवर बसतात, आनंदाने पसरतात, आत मात्र जात नाहीत. सपाट पडद्याच्या रूपात ही जाळी उत्तम चालते. दाताच्या इम्प्लांटआधी जबड्याचे हाड वाढवताना हिरडीचे ऊतक मध्ये शिरू नये म्हणून असा पडदा लावतात. मांडीच्या हाडातल्या पोकळीसाठी नुसता पडदा पुरत नाही.

यावर जपानमध्ये निघालेला तोडगा लक्षात ठेवण्याजोगा आहे. नागोया तंत्रज्ञान संस्थेतले तोशिहिरो कासुगा आणि सहकाऱ्यांनी पॉलिलॅक्टिक आम्ल या शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरात कॅल्शियम फॉस्फेट आणि सिलिकॉनयुक्त कॅल्शियम कार्बोनेटचे कण मिसळून त्याचा कापसासारखा पिंजलेला गोळा काढला. चिमट्याने तोडून घ्यावा, पोकळीत कोंबावा. ‘रिबॉसिस’ या नावाने तो बाजारात आला, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली. त्याचे तंतू नॅनो मापाचे नाहीत, दहापट-शंभरपट जाड आहेत. संशोधकांनी बारीकपणाचा हट्ट सोडला आणि शल्यविशारदाच्या हातात नीट बसेल असा माल केला. प्रस्तुत वक्त्याला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. ‘नॅनो’ हा शब्द पाटीवर असावा म्हणून कोणाचे हाड जुळत नाही.

आता आपल्या गावाकडे वळू.

बारामती कृषी उत्पन्न बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी-विक्री होते. काही वर्षांपूर्वी इथला शेतकरी कोषांची पोती घेऊन कर्नाटकात रामनगरच्या बाजारात जायचा. तुती लावणे, चॉकी केंद्रातून बाल्यकीटक आणणे, पाला घालणे, कोष विणण्यासाठी चंद्रिकेवर अळ्या सोडणे, कोष वेचणे, हे सगळे आता दोन्ही तालुक्यांत अनेक घरांना ठाऊक आहे. उझी माशीने भोक पाडलेला कोष, दोन अळ्यांनी मिळून विणलेला जोडकोष, डागी कोष, यांना भाव पडून मिळतो हेही ठाऊक आहे, कारण त्यांतून अखंड धागा निघत नाही.

हाडासाठी मात्र अखंड धागा लागतच नाही. लागते ते फायब्रॉइन नावाचे प्रथिन, आणि ते कोष डागी असला तरी तेच असते. ते काढण्याची रीत जगभरच्या प्रयोगशाळांत जवळपास एकसारखी आहे. कोष कात्रीने कापून आतला किडा काढून टाकतात. तुकडे सोडियम कार्बोनेटच्या, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या, सौम्य द्रावणात अर्धा तास उकळतात. कोषाला चिकटपणा देणारे सेरिसिन त्यात सुटून जाते आणि भांड्यात पिंजलेला, चमकदार पांढरा पुंजका राहतो. पाण्यात बऱ्याच वेळा धुऊन तो वाळवतात. मग लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात ६० अंश सेल्सियसला चार तास ठेवतात. ज्या रेशमाला पाणी, साबण, वर्षे काही करू शकत नाहीत ते तिथे मधासारखे विरघळते. पुढे दोन-तीन दिवस पातळ पडद्याच्या पिशवीत घालून शुद्ध पाण्यात ठेवायचे, मीठ बाहेर निघते, आत फायब्रॉइनचे पाणी राहते. किंचित पिवळसर, जवळजवळ पारदर्शक. ते जोरात हलवले किंवा फार दिवस ठेवले तर दह्यासारखे विरजते. यातून नॅनोतंतू काढता येतात. काढलेले तंतू मिथेनॉलमध्ये बुडवले की प्रथिनाच्या साखळ्या घडी घालून एकमेकींशी घट्ट बसतात आणि तंतू पुन्हा पाण्यात विरघळेनासे होतात. हायड्रॉक्सिॲपेटाइटचे कण आधीच द्रावणात घालता येतात किंवा नंतर तंतूंवर वाढवता येतात.

हिशेब असा बसतो. एक किलो ओल्या कोषात कवचाचे वजन साधारण २०० ग्रॅम भरते, बाकी किडा आणि ओलावा. कवचात सुमारे ७० ते ७५ टक्के फायब्रॉइन, म्हणजे किलोमागे १४०-१५० ग्रॅम. प्रक्रियेत काही वाया जाते ते वेगळे. हाडातली एखादी लहान पोकळी भरायला काही ग्रॅम पुरतात.

हे नुसते कागदावरचे गणित नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ यांनी रेशमातल्या फायब्रॉइनवर दीर्घकाळ काम केले आहे. त्यातून सेरिजेन मेडिप्रॉडक्ट्स ही कंपनी उभी राहिली. प्रयोगशाळेच्याच आवारातल्या व्हेंचर सेंटरने तिला आसरा दिला. हाडातली पोकळी भरणारे रेशमाचे साहित्य आणि जखमेवरची मलमपट्टी हे तिचे विषय. त्यांचा माल नॅनोतंतूंच्या जाळीचा नसून सूक्ष्मकणांनी बनलेल्या सच्छिद्र रूपाचा आहे, आणि भोकांची जी अडचण वर सांगितली तिच्याकडे पाहता ही निवड विचारपूर्वक केलेली दिसते. बारामतीच्या बाजारापासून ते आवार शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे.

उसाची गोष्ट थोडी वेगळी. उसाची साखर जिवाणूंना खायला घातली की लॅक्टिक आम्ल तयार होते, त्याच्या साखळ्या जोडल्या की पॉलिलॅक्टिक आम्ल. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, या सगळ्या साखर कारखान्यांपुढे साखरेचे पुढे काय करायचे हा प्रश्न आहे, आणि इथेनॉल हे त्याचे सध्याचे उत्तर. बारामतीहून जवळच जेजुरीला प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये जैवपॉलिमरची प्रात्यक्षिक सुविधा सुरू केली. तिथे लॅक्टिक आम्लापासून पॉलिलॅक्टिक आम्लापर्यंतचा प्रवास एका छताखाली होतो. शरीरात विरघळणारे टाके याच कुळातल्या पॉलिमरांचे असतात, आणि ते १९७० च्या सुमारापासून वापरात आहेत. शरीरातल्या पाण्याने साखळ्या तुटतात, लॅक्टिक आम्ल सुटते, पेशी ते पचवतात. धावल्यावर आपल्या स्नायूंत जे तयार होते तेच हे आम्ल. एक गोम आहे: जाळी जाड असेल तर आम्ल एकदम साठते आणि आजूबाजूचे हाड चिडते. इथे खनिजाचे कण दुहेरी कामी येतात. ते पेशींना ओळखीचे वाटतात आणि थोडे विरघळून आम्लपणा मारतात. संमिश्र पदार्थ करण्याचे हे कारण ताकदीइतकेच महत्त्वाचे आहे, पण त्याचा उल्लेख कमी होतो.

तरीही जेजुरीचे पॉलिमर उद्या ऑपरेशन थिएटरमध्ये जाईल असे कोणी समजू नये. ते पिशव्या, वेष्टने, कप यांच्यासाठी आहे. वैद्यकीय दर्जाच्या मालात उत्प्रेरकातले कथिल किती उरले, सुटे रेणू किती, ओलावा किती, प्रत्येक घाण्यात साखळीची लांबी सारखी आली का, हे सगळे सिद्ध करावे लागते.

तिसरा कच्चा माल उजनीच्या पाण्यात आहे. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, फुगवट्याने इंदापूर आणि आसपासच्या तालुक्यांतली गावे गिळली, आणि भिगवण-इंदापूरचे मासळी बाजार उभे राहिले. चिलापी तिथे ढिगाने येते. कटला, रोहूही येतात. मासा साफ झाला की खवले, कातडे, काटे उकिरड्यावर. या खवल्यांत कोलॅजन आणि हायड्रॉक्सिॲपेटाइट दोन्ही असतात. काटे ६०० ते ९०० अंशांना भाजले की खनिजाची पांढरी पूड मिळते. ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरात गेल्या दशकात डॉक्टरांनी निर्जंतुक केलेले चिलापीचे कातडेच भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर लावायला सुरुवात केली. रोजची पट्टी बदलण्याच्या यातना त्यामुळे वाचल्या. चीनमध्ये संशोधकांनी चिलापीच्या कोलॅजनचे नॅनोतंतू काढून जनावरांच्या जखमांवर पारखले.

इथे थोडे परखड बोलणे भाग आहे. ‘माशाच्या काट्यापासून हाड’, ‘अंड्याच्या टरफलापासून हाड’ असे मथळे दरवर्षी येतात. टरफल म्हणजे जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेट, त्यापासून हायड्रॉक्सिॲपेटाइट बनते हे खरेच आहे, आणि महाविद्यालयीन प्रकल्प म्हणून ते छान आहे. पण शुद्ध रसायनांपासून केलेले हायड्रॉक्सिॲपेटाइट फार महाग नाही आणि प्रत्येक वेळी सारखेच निघते. काटे मात्र प्रत्येक माशाचे वेगळे. उजनीत पुण्याकडून येणारे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळते, त्यामुळे त्या पाण्यातल्या माशाच्या काट्यात जड धातू किती, हा प्रश्न आधी सोडवावा लागेल. कोलॅजनचे तर आणखी कठीण. नॅनोतंतू काढण्यासाठी ते ज्या फ्लोरिनयुक्त द्रावकात विरघळवतात त्यात त्याची तिपेडी गुंफण उलगडते, आणि हाती येते ते महागड्या वाटेने केलेले जिलेटिन, असा आक्षेप याच क्षेत्रातल्या संशोधकांनी घेतला आहे. चिलापीच्या कातड्याला जखमेच्या पट्टीत भवितव्य आहे. हाडाच्या बाबतीत या दोन तालुक्यांनी रेशमावर भर द्यावा असे प्रस्तुत वक्त्याचे ठाम मत आहे.

मग अडते कुठे? कोष आहे, ऊस आहे, पुण्यात ज्ञान आहे, बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९६२ पासून सुरू असलेल्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात विज्ञान शिकवले जाते. अडते ते मधल्या टप्प्यावर. आपल्या देशात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे उपकरणांचे अ ते ड असे जोखमीचे वर्ग होतात, आणि शरीरात राहून विरघळणारे रोपण सर्वांत कडक वर्गात जाते. पेशींना विषारी नाही, ॲलर्जी देत नाही, जनावरात ठेवून पाहिले, माणसात पारखले, निर्जंतुक करताना पदार्थ बिघडला नाही, हे सगळे कागदावर हवे. शेवटचा मुद्दा वाटतो तितका सोपा नाही. गॅमा किरणांनी पॉलिलॅक्टिक आम्लाच्या साखळ्या तुटतात, आणि वाफेच्या उष्णतेत त्याचे नॅनोतंतू आकसून जातात. म्हणून बहुतेक जण इथिलिन ऑक्साइड वायू वापरतात आणि मग तो वायू मालात उरला नाही हेही दाखवतात. सशाच्या मांडीत हाड वाढल्याचे शोधनिबंध ढिगाने आहेत. त्यांतले फारच थोडे माणसापर्यंत पोचले, ते याच टप्प्यामुळे.

अशी शिस्त ग्रामीण भागाला जमणार नाही असे कोणी म्हणत असेल तर त्याने इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला जाऊन यावे. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात तिथे माळरानावर साखर कारखाना काढला. कारखान्याच्या यंत्रांची दुरुस्ती करता करता तिथे यंत्रे बनू लागली, आणि पुढे तिथल्याच कार्यशाळांतून इस्रोच्या पीएसएलव्ही आणि जीएसएलव्ही रॉकेटांच्या मोटरींची कवचे बाहेर पडली. अशा कामात पोलादाचा पत्रा कुठल्या घाण्यातला, जोड कोणी दिला, तपासणी कोणी केली, याची नोंद प्रत्येक तुकड्याबरोबर जाते. ऊस उत्पादकांच्या तालुक्यातल्या हातांनी हे केले आहे. रोपणासाठी लागणाऱ्या कच्च्या मालाच्या नोंदी याहून अवघड नाहीत.

म्हणून सुरुवात तयार रोपणापासून करण्याची घाई नको. इथे प्रथम व्हावे ते शुद्ध, वाळवलेले, मोजमाप केलेले फायब्रॉइन. रोपण पुण्यातले, बंगळुरूतले किंवा परदेशातले लोक बनवतील. त्यांना हवा आहे असा पुरवठादार, ज्याचा आजचा माल आणि सहा महिन्यांनंतरचा माल सारखा असेल. त्यासाठी लागणारी सामग्री एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाच्या आवाक्यातली आहे: उकळण्याची टाकी, शुद्ध पाण्याचा संच, वाळवणीची स्वच्छ खोली, प्रथिनाच्या साखळीची लांबी आणि उरलेले सेरिसिन तपासण्याची सोय, जड धातू आणि कीटकनाशकांचे अंश बाहेरच्या प्रमाणित प्रयोगशाळेतून मोजून आणण्याची तरतूद. मागणी पहिली काही वर्षे क्विंटलांत नसेल, किलोंतही क्वचितच असेल. पण डागी कोषाला आज मिळणारा भाव आणि वैद्यकीय शुद्धतेच्या फायब्रॉइनचा भाव यांची तुलनाच होऊ शकत नाही.

आणि हे काम संगोपनगृहाच्या दारापासून सुरू होते. शेजारच्या उसावर किंवा द्राक्षावर औषध मारले तर वाऱ्याने ते तुतीवर येते, अळ्या मरतात, हे प्रत्येक रेशीम शेतकऱ्याला माहीत आहे. अळी मरण्याइतका अंश नसेल तर बॅच निघते, कोष बाजारात जातो आणि कोणी काही विचारत नाही. वैद्यकीय खरेदीदार विचारेल. त्याला प्रत्येक पोत्यामागे एक चिठ्ठी लागेल: अंडीपुंज कुठून आणले, चॉकी कोणाकडची, बॅच कोणत्या तारखेची, संगोपनगृहाच्या निर्जंतुकीकरणाला काय वापरले, तुतीला पाणी विहिरीचे की नीरा कालव्याचे, आणि शेजारच्या रानात शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली.